चाकण झुंजवणारे फिरंगोजी आणि बाणूरगडावरची ती सकाळ

खानापूर तालुक्याच्या पूर्व टोकाला, आटपाडी आणि सांगोल्याच्या शिवेजवळ बाणूरगड आहे. जुन्या कागदात त्याचं नाव भूपाळगड. सुट्टीच्या दिवशी गडावर येणारी बहुतेक माणसं बहिर्जी नाईकांच्या समाधीला येतात, नारळ फोडतात, फोटो काढतात आणि उतरतात. स्वराज्याचे हेरप्रमुख इथं विसावले अशी पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा आहे, तेव्हा ते बरोबरच आहे. पण ज्यांच्या ताब्यात असताना या गडावर सगळ्यात वाईट दिवस उगवला, त्या किल्लेदाराचं नाव फार कुणी काढत नाही. ते किल्लेदार म्हणजे फिरंगोजी नरसाळा. फिरंगोजी म्हटलं की सगळ्यांना चाकण आठवतं. शाळेत तेवढंच शिकवलेलं असतं. चाकणनंतर त्याच माणसाच्या वाट्याला आपल्या भागातला हा सरहद्दीचा गड आला आणि तिथं जे घडलं, ते मात्र मागंच राहिलं.

सुरुवात चाकणपासूनच करावी लागते.

शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण हे परगणे होते. चाकणचा किल्ला भुईकोट. त्याला संग्रामदुर्ग म्हणतात. भोवती तट, बुरूज आणि खोल खंदक. डोंगराचा आसरा नाही, कडा नाही, उतरायला चोरवाट नाही. बहमनी सुलतानांच्या वेळेपासून या किल्ल्याला महत्त्व होतं, कारण नगरकडून पुण्याला आणि पुढं कोकणच्या घाटाकडं जाणारी वाट त्याच्या नजरेखालनं जायची. फिरंगोजी इथले किल्लेदार. दादोजी कोंडदेव १६४७ साली वारले आणि जहागिरीचा कारभार तरुण शिवाजीराजांनी हातात घेतला. त्यावेळी प्रत्येक ठाण्याच्या अधिकाऱ्याला ठरवायचं होतं की या सतरा वर्षांच्या पोराचं ऐकायचं की नाही. सुप्याला राजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते ऐकायला तयार नव्हते, त्यांना काढावं लागलं. फिरंगोजींनी मात्र कुरकुर न करता चाकण राजांच्या हवाली केलं आणि राजांनी ते परत त्यांच्याच ताब्यात ठेवलं. विश्वास बसला तो तिथं.

मग आलं १६६० साल. त्या वर्षी स्वराज्य दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडलं. दक्षिणेला सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातलेला, आणि महाराज स्वतः त्या वेढ्यात अडकलेले. उत्तरेकडनं औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन आला. मे महिन्यात तो पुण्यात उतरला. पुढं पावसाळा. एवढ्या फौजेला दाणा-वैरण नगरकडनं येणार, आणि त्या वाटेवर काट्यासारखं चाकण. ते काढल्याशिवाय खानाला स्वस्थ बसता येत नव्हतं. २१ जूनला त्याची फौज चाकणला येऊन भिडली.

आत फिरंगोजींच्या हाताशी माणसं किती? तीनशे-साडेतीनशे असं सांगतात. बाहेर हजारांची फौज, तोफा आणि बादशाही पैसा. खानाला वाटलं असणार, हे काय, दोन-चार दिवसांचं काम. पण जून गेला, जुलै गेला. पावसानं खंदक भरले, मोर्चे चिखलात रुतले, दारू भिजली. ज्यानं आषाढात रानात काम केलंय त्याला हे सांगायला नको की चिखलात नुसता पाय उचलायलाही किती ताकद लागते, तिथं तोफा ओढायच्या होत्या. वरनं फिरंगोजींची माणसं बंदुका आणि दगडांनी मारा करत होती. मदत कुठनं येणार? महाराज १२ जुलैच्या रात्री पन्हाळ्यावरनं निसटले ते विशाळगडाला. त्यांच्याकडं त्यावेळी चाकणला धाडायला फौज उरलेली नव्हती. हे आतल्या माणसांनाही कळत असेल. तरी किल्ला झुंजत राहिला.

शेवटी मोगलांनी सुरुंगाचा मार्ग धरला. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या बुरुजाखाली लांबनं भुयार खणत आणलं. १४ ऑगस्टला दुपारी सुरुंगाला बत्ती दिली. बुरूज आणि वरची माणसं आकाशात उडाली. मोगल फौज खिंडारातनं आत घुसली, तर समोर दुसरा मातीचा बांध! आतल्या लोकांनी बुरुजामागं आधीच आडोसा घालून ठेवलेला होता. त्याच्या मागनं त्यांनी बाण, गोळ्या, दारूगोळे आणि दगडांचा असा मारा केला की मोगलांना ती रात्र खिंडारातच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला तेव्हा बाहेरचा तट गेला आणि उरलेली माणसं आतल्या बालेकिल्ल्यात गेली. तिथं टिकाव लागणं शक्य नव्हतं. बुंदीचे रावभाऊसिंग हाडा मध्ये पडले, बोलणी झाली आणि फिरंगोजींनी किल्ला खाली केला. मोगलांच्याच हिशेबात त्यांची २६८ माणसं मेली आणि ६०० जखमी झाली. एका भुईकोटासाठी पंचावन्न-छप्पन्न दिवस आणि एवढी माणसं. त्यानंतर डोंगरी किल्ल्यांच्या नादाला लागायची खानाला फारशी उमेद राहिली नाही. तो पुण्याच्या लाल महालात बसला, आणि तिथं त्याची बोटं कशी गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

किल्ला घेतल्यावर शाहिस्तेखानानं फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली. त्या काळी यात गैर असं काही मानत नसत. आज आदिलशाहीत, उद्या निजामशाहीत, परवा मोगलांकडं, अशी सरदारांची ये-जा चालायचीच. फिरंगोजींनी नकार दिला आणि राहिलेली माणसं घेऊन ते महाराजांकडं गेले. महाराजांनी त्यांना किल्ला गेला म्हणून बोल लावला नाही, उलट गौरव केला. पुढच्याच महिन्यात महाराजांना स्वतःला पन्हाळा आदिलशहाला द्यावा लागला. पाच वर्षांनी पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले एकदम गेले. किल्ला जाणं आणि किल्ला टाकून जाणं, यातला फरक महाराजांएवढा कुणाला कळणार?

या माणसाला पुढं भूपाळगड मिळाला, असं बखरी सांगतात.

आता गड कुठं आहे ते बघा. सह्याद्रीची मुख्य रांग सोडून महादेवाच्या डोंगराचा एक फाटा पूर्वेला माणदेशाकडं सरकत येतो. त्या फाट्याच्या शेवटच्या उंचवट्यांपैकी एकावर हा गड. मागं खानापूरचा घाटमाथा, पुढं माणगंगेचं आणि भीमेचं सपाट खोरं. भूपालसिंह नावाच्या राजानं तो बांधला अशी दंतकथा आहे. भक्कम काम मात्र महाराजांच्या काळात झालं, आणि त्याचं कारण जागेत आहे. गडावरनं पूर्वेला बघितलं की आदिलशाहीचा मुलूख, ईशान्येला भीमेपलीकडं मोगलांच्या छावण्या. स्वराज्याची शीव इथं संपायची. रायगड, राजगडाला पुढं आणखी दहा किल्ल्यांचा आडोसा होता. भूपाळगडाला पुढं काहीच नव्हतं.

अशा गडाचं काम नुसतं लढायचं नसतं. शत्रूची धाड आली की आसपासच्या गावांनी बायका-पोरं, गुरं, दाणागोटा घेऊन जायचं कुठं? गडावर. म्हणून भूपाळगडात फौजेशिवाय धान्याचा मोठा साठा असायचा आणि आसपासच्या लोकांची चीजवस्तूही सुरक्षित म्हणून तिथंच ठेवलेली असायची. पावसाचा भरवसा नसलेला हा मुलूख. इथं एका सालाचं शाळू हातचं गेलं की पुढची दोन सालं घर वर येत नाही. त्यामुळं गडाच्या अंबारात पडलेलं धान्य म्हणजे गावांचा जीव होता.

महाराजांच्या गडावर कारभार एकाच्या हातात नसायचा हेही लक्षात घ्यायला हवं. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी, तिघांनी मिळून कारभार करायचा. कोठाराचा हिशेब कारखानिसाकडं. संध्याकाळी दरवाजे बंद झाले की ते सकाळपर्यंत उघडायचे नाहीत. एकजण फितूर झाला तरी गड जाऊ नये म्हणून ही सगळी व्यवस्था. पण १६७९ साली भूपाळगडापुढं जो पेच आला, त्याचा विचार कुठल्याच व्यवस्थेत केलेला नव्हता.

डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजीराजे परळीच्या किल्ल्यावरनं, म्हणजे आजच्या सज्जनगडावरनं निघाले आणि मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. वय एकवीस. घरातला कलह, राज्याच्या वाटणीची कुजबुज, कारभाऱ्यांशी बेबनाव, यातलं काय किती खरं यावर आजवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहून झालीत. औरंगजेबाला मात्र आनंदाचं भरतं आलं. त्यानं शिवाजीराजांच्या पोराला सात हजारी मनसब आणि राजा हा किताब दिला. दिलेरखान हा पुरंदरला मुरारबाजींशी लढलेला जुना पठाण. हातात आलेला हा मोहरा कुठं वापरायचा याचा त्यानं हिशेब केला आणि बोट ठेवलं ते शिवेवरच्या भूपाळगडावर.

एप्रिल १६७९. शाळूची सुगी आटोपलेली, खळी उरकलेली, दाणे अंबारात पडलेले. यायला याच्यासारखी वेळ नाही. दिलेरखान भीमेकडनं फौज, तोफा आणि संभाजीराजांना घेऊन गडाखाली आला.

गडावरनं खाली बघणाऱ्या फिरंगोजींचं वय तोवर चांगलंच झालेलं असणार. चाकणला दादोजींच्या वेळी किल्लेदार असलेला माणूस, म्हणजे या घराण्याची चाकरी करून तीसएक वर्षं उलटलेली. आणि आता शत्रूच्या निशाणाखाली कोण उभं आहे? धन्याचा थोरला मुलगा, राज्याभिषेकात सिंहासनाशेजारी युवराज म्हणून बसलेला. तोफ डागावी आणि गोळा नेमका तिथं पडला तर महाराजांना काय तोंड दाखवायचं? न डागावी तर गड जातो. दिलेरखानानं बरोबर याच जागी बोट घातलं होतं. चाकणला शाहिस्तेखानाकडं तोफा होत्या, सुरुंग होते, माणसं होती, पण फिरंगोजींना आपल्याच मनाशी भांडायला लावील असं काही नव्हतं.

बखरीतली हकिकत अशी की फिरंगोजींना युवराजांवर हत्यार चालवायचं धाडस झालं नाही आणि ते रातोरात गड सोडून महाराजांकडं गेले. मागं राहिलेल्यांनी गड लढवला. मोगलांकडच्या लिखाणात असल्या घालमेलीला जागा नाही, त्यात फक्त लढाई आहे. सकाळी हल्ला सुरू झाला आणि दुपारपर्यंत गड पडला. दोन्हीकडचे बरेच लोक कामी आले. ज्यांनी भुईकोट दोन महिने झुंजवला, त्यांचाच डोंगरी गड एका सकाळीत गेला.

आणि मग दिलेरखानानं जे केलं ते या भागानं खरं तर पिढ्यानपिढ्या सांगायला पाहिजे होतं. गडावर सापडलेल्या शिबंदीतल्या सातशे माणसांचा एकेक हात तोडला आणि त्यांना सोडून दिलं. बाकी जे सापडले त्यांना गुलाम म्हणून विकलं. धान्य आणि मालमत्ता लुटून नेली.

सातशे. आकडा वाचून माणूस पुढं जातो. पण शिबंदी म्हणजे तरी कोण? गावोगावच्या शेतकऱ्यांचीच पोरं. दोन महिन्यांनी मृग निघाला असेल. पाभरीमागं चालताना एका हातानं चाडं धरायचं आणि दुसऱ्या हातानं मूठ सोडायची. नांगराला रुमणं दाबायचं, बैलांचा कासरा धरायचा, मोट हाकायची, यातलं एकही काम एका हातानं धड होत नाही. तलवार आणि ढालीचा तर विषयच संपला. दिलेरखानानं त्यांना मारलं नाही ते दयेनं नव्हे. हात तुटलेला माणूस गावाच्या पारावर बसलेला दिसला पाहिजे, म्हणजे दुसरी गावं गडाच्या आसऱ्याला जाताना दहादा विचार करतील, हा त्याचा डाव. आणि त्या माणसांना पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याच अंगानं काढायची होती.

महाराजांनी गडाच्या मदतीला घोडदळ पाठवलं होतं. मोगलांच्या सांगण्याप्रमाणं सोळा हजार स्वार. पण ते पोचेपर्यंत गड पडून गेला होता. वाटेत मोगल टोळ्यांशी त्यांच्या चकमकी झाल्या, गडाचा मात्र काही उपयोग झाला नाही. दिलेरखानानं तट-बुरूज पाडून टाकले, म्हणजे मराठ्यांनी परत घेतला तरी तिथं बसता येऊ नये. मग तो निघून गेला.

संभाजीराजांचं मन तिथंच उडालं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. स्वतःच्या रयतेचे हात आपल्या डोळ्यांदेखत तोडले जातायत आणि आपण शत्रूच्या गोटात उभे आहोत, यासारखी नामुष्की नाही. तरी ते लगेच निघाले नाहीत, निघणं सोपंही नव्हतं. भोवती पहारा होता. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर दिलेरखानानं विजापूरच्या मुलखात तिकोट्याला आणि मग अथणीला रयतेवर तसाच कहर केला. अथणीला संभाजीराजांनी विरोध केला, तो चालला नाही. नोव्हेंबरअखेर ते रात्रीतनं छावणी सोडून निघाले आणि विजापूरमार्गे पन्हाळ्याला पोचले. महाराजांशी त्यांची भेट झाली. चार महिन्यांच्या आत, एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले. पुढची नऊ वर्षं याच संभाजीराजांनी औरंगजेबाच्या अख्ख्या फौजेशी कसा सामना केला आणि शेवटी काय भोगलं, ते वेगळं सांगायला नको. भूपाळगडाची सकाळ त्यांच्या आयुष्यात मोजून एकच आली. तिच्यावरनं त्यांना तोलणं बरोबर नाही, आणि ती झालीच नाही असं म्हणणंही बरोबर नाही.

फिरंगोजींचं काय? इथं सांगणारे दोन गटांत पडतात. काहीजण सांगतात की महाराज भयंकर संतापले. समोर पोरगा असला म्हणून काय झालं, शत्रूच्या बाजूनं आला तो शत्रू, गड का सोडला, असं विचारून त्यांनी फिरंगोजींना तोफेच्या तोंडी दिलं. दुसरे सांगतात की महाराजांनी त्यांची अडचण ओळखली आणि जिवावर घेतलं नाही. तोफेची गोष्ट जरा सांभाळूनच घ्यावी. असल्या कडक शिक्षेच्या गोष्टी सांगायला सोप्या आणि ऐकायला चुरचुरीत असतात. चाकण गेल्यावर ज्या धन्यानं पाठीवर हात ठेवला, त्यानं तीस वर्षांच्या इमानी माणसाला असं उडवलं असेल हे मनाला पटत नाही. पण संताप झाला असणार, यात शंका नाही. कारण यावेळी गडाबरोबर गावं गेली होती. किल्लेदार म्हणून गडावरच्या माणसांची जबाबदारी फिरंगोजींची होती, आणि बखर खरी धरली तर रात्री ते त्यांना मागं ठेवून उतरले. समोरच्या युवराजाचा जीव वाचवताना पाठीमागच्या सातशेंचा विचार त्यांनी कसा केला असेल, की केलाच नसेल?

त्यांची बाजू घेणाऱ्यांचंही ऐकायला हवं. त्या रात्री त्यांच्याजवळ महाराजांचा हुकूम नव्हता. पन्हाळा किंवा रायगड काही जवळ नाही, जासूद जाऊन परत येईपर्यंत काही दिवस गेले असते. युवराज परत येणार, पुढं तेच छत्रपती होणार, हे जुन्या नोकराला दिसत होतं. आणि तसंच झालं.

चाकणचे फिरंगोजी आणि भूपाळगडचे फिरंगोजी अशी दोन माणसं नव्हती. एकाला पुस्तकात जागा मिळाली, दुसऱ्याला नाही, एवढंच.

गड पडला तरी शीव काही हलली नाही. पुढं औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि मरेपर्यंत इथंच फिरत राहिला. त्याची छावणी १७०० च्या ऑक्टोबरात माणगंगेच्या काठी खवासपूरला होती. रात्री अचानक पूर आला, तंबू, जनावरं, माणसं वाहून गेली आणि म्हाताऱ्या बादशहाचा पाय कायमचा अधू झाला. ज्या माणगंगेत उन्हाळ्यात पाय भिजायची मारामार, तिनं हे केलं.

पेशवाईनंतर लढाया संपल्या, तरी गडाच्या आसपास वेगवेगळ्या राजवटी नांदतच राहिल्या. आटपाडीचा मुलूख औंधच्या पंतप्रतिनिधींकडं, जत डफळ्यांकडं, आणि खानापूर साताऱ्याच्या राज्यात. १८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं आणि खानापूर इंग्रजांकडं गेलं. तरी आटपाडीला संस्थानाचा कायदा आणि इकडं इंग्रजांचा, असं स्वातंत्र्य येईपर्यंत चाललं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

दिलेरखानानं पाडलेला तट परत कधी पहिल्यासारखा उभा राहिला नाही. त्याचे दगड अजून उतारावर पडलेले आहेत. गडावरनं उतरून थोडं पुढं गेलं की आजही जिल्हा बदलतो.